गाठ लपवली होती, म्हणून धावले

हा लेख बायकांनी वाचावा आणि पुरुषांनी पान उलटावे, असा नाही.

धावणे आपल्या बायकांना नवे नाही. कल्याण पूर्वेच्या आमच्या वस्तीत नळाला पाणी आले की हंडा घेऊन धावायचे, पोरांचा डबा भरून स्टेशनकडे धावायचे, ठाण्याला उतरले की मस्टरवर लाल रेघ पडू नये म्हणून पुन्हा धावायचे. पण पैसे भरून, छातीवर नंबर लावून, रविवारी सकाळी कुठली गाडी पकडायची नसताना धावणारी बाई आमच्या वस्तीने पहिल्यांदा पाहिली ती माझ्या रूपात. तेही डावा स्तन काढून टाकल्यानंतर चौथ्या वर्षी.

‘स्तन’ हा शब्द छापलेला पाहून कोणाला संकोच वाटला असेल. मलाही लिहिताना वाटला. याच संकोचाने माझे चार महिने खाल्ले, म्हणून तो शब्द मी या लेखात मुद्दाम पुन्हा पुन्हा लिहिणार आहे.

२०१८ च्या जानेवारीत आंघोळ करताना हाताला गाठ लागली. पावट्याच्या दाण्याएवढी, टणक, जागची न हलणारी. दुखत मात्र अजिबात नव्हती. दुखत नाही म्हणजे काही नाही, असे मी मनाशी ठरवले. पुढे कळले की याच ठिकाणी बहुतेक बाया फसतात. दुखणाऱ्या गाठी पुष्कळदा पाळीच्या आगेमागे येतात आणि जातात. कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही, म्हणून ती घरात राहून घेते. मग ऑफिसात मार्च एन्ड आला. मग चौदा एप्रिलची जयंती आली. महिला मंडळाची खजिनदार मी, वर्गणीचा हिशेब माझ्याकडे. जयंतीच्या तयारीत छातीतल्या गाठीचे कोणाला सांगणार? घरी ह्यांनाही सांगितले नाही. डोंबिवलीच्या एमआयडीसीत तीन पाळ्यांत राबणारा माणूस, त्याच्या डोक्याला आणखी ताप कशाला, असा शहाणपणा.

मध्ये एकदा जवळच्या एका डॉक्टरांना दाखवले. त्यांनी हात न लावताच ‘चरबीची असेल’ म्हणून शक्तीच्या गोळ्या दिल्या. माझ्या एका नात्यातल्या बाईने तर कुठल्याशा बाबाचा अंगारा पुडीत बांधून आणला. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात अंगाऱ्याची पुडी! मी ती संडासात टाकली, पण खरे सांगायचे तर लगेच नाही. दोन दिवस ती माझ्या पर्समध्ये होती. माणूस घाबरला की काय काय जवळ बाळगतो, ते मला तेव्हा कळले.

एप्रिलअखेर परळला टाटा हॉस्पिटलात गेले. सुईने तुकडा काढला, तपासला. कॅन्सर होता आणि काखेतल्या गाठींपर्यंत पोहोचला होता. आधी ऑपरेशन, मग दर एकवीस दिवसांनी एक असे केमोचे आठ डोस, मग तीन आठवडे शेक, आणि नंतर रोजची एक गोळी, काही वर्षे. केस गेले, भुवया गेल्या, जिभेची चव गेली. नोकरी राहिली, कारण रजा शिल्लक होती आणि साहेब बरा होता. ज्या बायांना रजाच नाही, दिवस भरला नाही तर पगार नाही, त्यांचे काय होते ते मी वेटिंगच्या बाकड्यावर बसून रोज पाहत होते.

त्या बाकड्यावर सारा महाराष्ट्र बसतो, आणि महाराष्ट्राबाहेरचाही. विदर्भातून, मराठवाड्यातून, बिहार-बंगालमधून आलेली माणसे. कोणी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरलेले, कोणी फुटपाथवर. गाडगेबाबांनी १९४९ साली पंढरपूरची आपली चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला दिली, हे आपण भाषणात सांगतो. त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत आज कॅन्सरचे पेशंट चार दिवस पाठ टेकतात, हे भाषणात कोणी सांगत नाही.

‘टाटा’ म्हणजे श्रीमंतांचे, खासगी, असा आपल्याकडे समज आहे. हे हॉस्पिटल २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सर दोराबजी टाटा ट्रस्टने सुरू केले, ही गोष्ट खरी. पण १९६२ पासून ते केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. शिवाय महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे ऑपरेशन, केमो आणि शेक येतात. पूर्वी दीड लाखाची असलेली मर्यादा २०२३ मध्ये पाच लाख करण्याचा निर्णय झाला. ज्यांच्या पगारातून ई.एस.आय. कापला जातो, त्यांना तो दरवाजा आहेच. या विमा योजनेची पायाभरणी बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना झाली, एवढे लक्षात असू द्या. कॅन्सरच्या पेशंटला अपंगांच्या डब्यातून प्रवास करता येतो, हेही पुष्कळांना ठाऊक नसते. केमो घेऊन परतताना मी दोनदा लेडीज डब्यात दरवाज्याशी उभी राहून आले. मग एका बाईने सांगितले, ‘अहो ताई, तुमचा डबा तो!’

आता धावण्याचे.

सुरुवात धावण्याने झालीच नाही. फिजिओथेरपीच्या बाईंनी भिंतीवर बोटे चढवायला सांगितली. भिंतीशी उभे राहायचे आणि डाव्या हाताची बोटे मुंगीसारखी वर वर न्यायची. पहिल्या दिवशी माझी मुंगी खांद्यापर्यंतही पोहोचली नाही. काखेतल्या गाठी काढल्या की त्या हाताला सूज येण्याची भीती असते. घरात सगळ्यांनी तो हात काचेचा करून टाकला. सासूबाई तांब्या उचलू देईनात. जाऊ म्हणायची, ‘वहिनी, तुम्ही फक्त बसून सांगा.’

पूर्वी डॉक्टरही असेच सांगत. १९९६ साली कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात डॉन मॅकेन्झी नावाच्या डॉक्टरांनी हा समज तपासायचे ठरवले. स्तनाचा कॅन्सर झालेल्या चोवीस बायका त्यांनी लांबलचक होडीत बसवल्या आणि वल्ही मारायला शिकवले. हातावर एवढा जोर पडूनही त्यांच्या हातांना नवी सूज आली नाही. पुढे २००९ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात अशा बायकांनी हळूहळू वाढवत वजने उचलली, तरी सूज वाढली नाही. अर्थात तिथे शिकवणारे जवळ होते आणि वजन टप्प्याटप्प्याने वाढवले होते. म्हणून कोणी लगेच भरलेला हंडा उचलू नये, आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. पण ‘हात हलवू नकोस’ हा सल्ला जुना झाला, एवढे खरे.

मी चालायला लागले. पहाटे पाचला, शंभर फुटी रस्त्यावर, डोक्याला स्कार्फ बांधून. पहाटे अशासाठी की कोणी बघू नये. केस आले तसा स्कार्फ गेला. मग २०२० चा लॉकडाऊन आला आणि चालणे गच्चीवर आले. तिथे एक दिवस, का कोण जाणे, मी धावले. टाकीपासून जिन्यापर्यंत, चाळीस पावले. छाती धडधडली तेव्हा पहिला विचार आला तो आजाराचा. दुसरा विचार आला की ही धडधड आजाराची नाही, माझी आहे.

एक अडचण कोणी सांगत नाही ती सांगते. एक बाजू सपाट असली की धावताना तोल वेगळा पडतो. बाजारात मिळणारा सिलिकॉनचा स्तन हजारो रुपयांचा. मी सुती कापडाची पिशवी शिवून तिच्यात मोहरी भरली आणि ब्रेसियरच्या आतून खिसा करून बसवली. चालताना छान राहते. धावताना दुसऱ्या किलोमीटरला ती काखेकडे सरकते. मग कोणाला न दिसेल अशी कोपराने जागेवर ढकलायची. पुढे मी आत कापूस आणि खाली थोडीच मोहरी असे केले, तेव्हा ती नीट बसली. ज्यांना हवी असेल त्यांना माप देईन.

कॅन्सर आणि धावणे यांची जोडी लागली कशी, हे मला पुढे वाचून कळले. टेरी फॉक्स हा कॅनडाचा मुलगा. १९७७ साली हाडाच्या कॅन्सरने त्याचा उजवा पाय गेला, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. १२ एप्रिल १९८० रोजी तो कृत्रिम पाय लावून देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे धावत निघाला. मागणे एकच, कॅन्सरच्या संशोधनाला पैसे द्या. १४३ दिवसांत तो ५,३७३ किलोमीटर धावला. मग कॅन्सर फुफ्फुसात निघाला आणि १ सप्टेंबरला त्याला थांबावे लागले. पुढच्या जूनमध्ये तो वारला, बावीस वर्षांचा. त्याच्या नावाच्या दौडीत नंबर काढत नाहीत. ती मुंबईतही झाली आहे आणि तिचा पैसा टाटा हॉस्पिटलातल्या संशोधनाला गेला आहे.

स्तनाच्या कॅन्सरसाठीची धाव अमेरिकेत डॅलस शहरात १९८३ साली सुरू झाली. सुझन कोमेन ही बाई १९८० मध्ये या आजाराने गेली, तेव्हा ती छत्तीस वर्षांची होती. तिच्या बहिणीने, नॅन्सी ब्रिंकरने, बहिणीला शब्द दिला म्हणून संस्था काढली. पुढे १९८४ मध्ये त्या बहिणीलाही हाच आजार झाला आणि ती बरी झाली. पहिल्या दौडीत आठशे बाया होत्या, नंतर ती जगभर गेली. तिच्याबरोबर गुलाबी रंगही गेला आणि गुलाबी रंगाबरोबर कंपन्या. २०१० साली तर या संस्थेने तळलेल्या कोंबडीच्या कंपनीला गुलाबी बादलीतून कोंबडी विकू दिली. आरोग्याच्या नावाने तळलेली कोंबडी! तिथल्याच लोकांनी त्यावर टीका केली, ते बरे झाले.

आपल्याकडे २०१२ साली मुंबईत फक्त बायकांची ‘पिंकॅथॉन’ सुरू झाली. मिलिंद सोमण आणि रीमा संघवी यांनी ती काढली. स्तनाच्या कॅन्सरमधून स्वतः बऱ्या झालेल्या देविका भोजवानी यांनी टाटा हॉस्पिटलच्या ‘विमेन्स कॅन्सर इनिशिएटिव्ह’चे काम वाढवले, आणि त्या कामाशी ही दौड जोडली गेली. २०१६ च्या जुलैत सोमण अहमदाबादहून मुंबईला धावत येत होते, तेव्हा त्यांच्या सत्तरी उलटलेल्या आई उषा सोमण साडी नेसून, अनवाणी, थोडे अंतर त्यांच्याबरोबर धावल्या. त्याचे फार कौतुक झाले. व्हावे. पण त्याआधी तीन वर्षे, २०१३ साली, बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये एक बाई नऊवारीत, अनवाणी धावली होती. लता भगवान करे. साठी ओलांडलेली, शेतमजुरी करणारी. नवरा आजारी, तपासण्यांना पैसे नाहीत. बक्षीस पाच हजारांचे आहे कळले म्हणून ती धावली आणि वयस्कांच्या गटात पहिली आली. पुढच्या दोन वर्षांतही ती जिंकली. तिच्यावर ‘लता भगवान करे’ हा चित्रपट निघाला, त्यात तिनेच काम केले आणि राष्ट्रीय पुरस्कारांत तिचा विशेष उल्लेख झाला. तरीही मला विचाराल तर, एका बाईला नवऱ्याच्या तपासणीसाठी शर्यत जिंकावी लागते, यात टाळ्यांपेक्षा लाज जास्त आहे.

मी धावणार म्हटल्यावर हाच प्रश्न माझ्यापुढे होता. कोणासाठी धावायचे, आणि पैसा जातो कुठे?

मी बी.कॉम. आहे, आयुष्य खर्डेघाशीत गेले, म्हणून आधी हिशेब पाहिला. ज्या महिला दौडीत मी नाव दिले तिची फी सहाशे रुपये. टी-शर्ट, मेडल, पाणी, केळे, अॅम्ब्युलन्स आणि मंडप यांतच ती संपते. ही फी म्हणजे दान नव्हे. पुष्कळ बायांना वाटते की फी भरली म्हणजे पेशंटला मदत झाली. मोठ्या दौडीत दानाची वाट वेगळी असते. २००४ पासून चालू असलेल्या मुंबई मॅरेथॉनमध्ये संस्था आपली नावे नोंदवतात. धावणारा माणूस ओळखीच्यांकडे जाऊन सांगतो, ‘मी अमक्या संस्थेसाठी धावतोय, तुम्ही काय द्याल?’ आणि जमलेला पैसा त्या संस्थेला जातो. असे दरवर्षी कोट्यवधी रुपये उभे राहतात. देणाऱ्यांत मोठ्या कंपन्या, मोठे साहेब. आमच्या वस्तीत कंपनी म्हणजे जिथे ले-ऑफ मिळतो ती.

मग महिला मंडळात रीतसर ठराव केला. जयंतीचे पावतीपुस्तक वापरायचे नाही, वेगळे छापायचे. दहा रुपयांच्या खाली नाही, वर कितीही. पैसे चेकने टाटा हॉस्पिटलच्या गरीब रुग्णांच्या निधीत भरायचे आणि तिथली पावती विहाराच्या फळ्यावर लावायची. काही पुरुष मंडळींनी नाक मुरडले. ‘आपल्या समाजाचे पेशंट आधी बघा’, असे एक जण म्हणाले. दुसरे म्हणाले, ‘टाटाला काय कमी आहे?’ त्यावर वाद झाला, आणि तो मी टाळला नाही. परळच्या बाकड्यावर आपला समाजच बसलेला आहे, फक्त तिथे कोणी जात विचारत नाही. आणि विनयपिटकातली ती गोष्ट आठवा. अतिसाराने आपल्याच घाणीत पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतः धुतले, उचलून खाटेवर ठेवले. बाकीच्या भिक्खूंनी त्याच्याकडे पाठ फिरवली होती, कारण तो त्यांच्या काही उपयोगाचा नव्हता.

संशोधनाला पैसा कशाला, हा प्रश्नही निघाला. त्याचे उत्तर मी एका इंजेक्शनने दिले. दात काढताना हिरडी बधिर करायला लिग्नोकेन देतात, ते साधे औषध. टाटा हॉस्पिटलच्या डॉ. राजेंद्र बडवे यांनी आणि देशातल्या अकरा केंद्रांतल्या डॉक्टरांनी ते स्तनाचे ऑपरेशन करण्याआधी सात-दहा मिनिटे गाठीच्या भोवती टोचून पाहिले. सुमारे १,६०० बायांवर हा अभ्यास झाला आणि निकाल २०२२ मध्ये पॅरिसच्या परिषदेत मांडला गेला. इंजेक्शन न दिलेल्या शंभरातल्या सुमारे ८६ बाया पाच वर्षांनी हयात होत्या, दिलेल्यांतल्या ९०. खर्च शंभर रुपयांच्या आत. या औषधावर कोणती कंपनी करोडो कमावणार नाही, म्हणून कोणती कंपनी हा अभ्यास करणारही नव्हती. असल्या कामाला सरकारचा किंवा लोकांचाच पैसा लागतो. हे ऐकल्यावर नाक मुरडणाऱ्यांपैकी एकाने शंभराची नोट काढली. ‘एक इंजेक्शन माझ्याकडून’, म्हणाले.

ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२२ मध्ये आम्ही घरोघर फिरलो. भाजीवाल्या, घंटागाडीवरचे कामगार, रिक्षावाले, शाळेतले शिपाई. एकूण ८७ पावत्या, १८,४३० रुपये.

त्यातली एकेचाळिसावी पावती वीस रुपयांची. डोंबिवलीत धुणीभांडी करणाऱ्या एका मावशींची, वय अठ्ठावन्नच्या आसपास. त्यांनी पदराच्या गाठीतून नोट सोडली, पावती घेतली आणि मी निघाले तशी माझा हात धरला.

“पोरी, तुझी गाठ कुठं व्हती?”

मी डावीकडे हात लावला.

“माझी उजवीकडं हाय.”

अकरा महिने होती. मावशी तिला हळद लावत होत्या. वरची कातडी फुटायला आली होती. सुनेला माहीत नव्हते, लेकाला कसे सांगणार? चार घरची कामे सुटतील ही भीती. मी त्यांच्यावर रागावले, आणि रागावता रागावता मला माझ्या पर्समधली ती अंगाऱ्याची पुडी आठवली.

तिसऱ्या दिवशी त्यांना घेऊन परळला गेले. गाठ मोठी, म्हणून आधी केमो, मग ऑपरेशन. फुले योजनेत बसल्या. त्या धावपळीत माझी दौड आली. डिसेंबरातला रविवार, ठाण्यात पहाटेची थंडी. पाच किलोमीटरला मला बावन्न मिनिटे लागली. त्यातली दहा-पंधरा तरी चालण्याची. पुढे कॉलेजच्या मुली, मागे मी आणि माझ्यापेक्षा जाड एक गुजराती बहीण. कोणाला हरवायचे नव्हते, तरी शेवटच्या वळणावर आम्ही दोघी एकमेकींना मागे टाकायला बघत होतो, हे कबूल करते.

२०२३ च्या दौडीला मावशी आल्या. शेवटच्या रेषेपाशी खुर्चीवर बसून माझ्या चपला मांडीवर घेऊन. डोक्यावर केस नव्हते, पदर घट्ट ओढलेला. मी पोचल्यावर म्हणाल्या, “लय हळू पळतीस गं.”

२०२४ मध्ये आजार यकृतात निघाला. ऑगस्टात, वर्षावास चालू असताना, मावशी गेल्या.

अकरा महिने आधी आल्या असत्या तर वाचल्या असत्या, असे छातीठोकपणे मी म्हणणार नाही. डॉक्टरही म्हणत नाहीत. पण एक गोष्ट आपल्यासारख्यांच्या वस्तीतच तपासली गेली आहे आणि ती आपल्यालाच माहीत नाही, याचे मला राहून राहून वाईट वाटते. १९९८ साली टाटा हॉस्पिटलने मुंबईतल्या झोपडपट्ट्यांचे वीस भाग निवडले. ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ बाया. निम्म्या भागांत प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी, डॉक्टरांनी नव्हे, दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासले, अशा चार फेऱ्या. उरलेल्या भागांत फक्त माहिती दिली. वीस वर्षे नोंदी ठेवून निकाल २०२१ मध्ये जगापुढे मांडला. तपासलेल्या बायांत आजार आधीच्या टप्प्यात सापडला. आणि पन्नाशी ओलांडलेल्या बायांमध्ये या आजाराने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या बायांत मृत्यूत तसा फरक दिसला नाही, हेही सांगायला हवे. पण त्यांनी गाठ लपवावी, असा याचा अर्थ नव्हे. यंत्र नाही, सुई नाही, फक्त शिकलेला हात. याच बायांची गर्भाशयाच्या मुखाची तपासणी व्हिनेगर लावून केली, तर त्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

मावशी अठ्ठावन्न वर्षांच्या होत्या. त्यांच्या आयुष्यात कोणत्याही शिकलेल्या हाताने एकदाही त्यांना तपासले नव्हते. २०२२ च्या एका जागतिक अंदाजाप्रमाणे आपल्या देशात वर्षाला सुमारे १ लाख ९२ हजार बायांना हा आजार होतो आणि सुमारे ९८ हजार बाया त्याने जातात. एवढ्या मोठ्या आकड्यात मला मावशींच्या पदराची गाठ दिसते.

बायांनो, काय पाहायचे ते थोडक्यात. न दुखणारी गाठ, स्तनात किंवा काखेत. कातडीला खळी पडणे, किंवा ती संत्र्याच्या सालीसारखी दिसणे. बोंड आत ओढले जाणे, त्यातून रक्तासारखे पाणी येणे. यातले काही दिसले तर महिना सोडा, आठवडाही थांबू नका. दहा गाठींतल्या बहुतेक कॅन्सरच्या नसतात. तरी दाखवायची ती सगळीच.

आणखी एक बोलते, कोणी रागावू नये. माता रमाईचे स्मरण आपण कसे करतो? तिने शेणी थापल्या, उपास काढले, दुखणे अंगावर काढले, साहेबांना कळू दिले नाही. गाणी तीच, भाषणे तीच. १९३५ च्या मे महिन्यात रमाई राजगृहात गेली ती दीर्घ आजाराने. त्याआधीच्या काळात तिने घरातले हाल सोसले होते. तो तिचा नाइलाज होता. आपण तो बायकांचा दागिना करून ठेवला. व्यासपीठावर बसलेली बाई टाळ्या वाजवते आणि घरी जाऊन आपली गाठ लपवते. मी असेच केले, मावशींनीही असेच केले.

म्हणून २०२५ च्या २७ मे रोजी, रमाईच्या स्मृतिदिनी, आमच्या विहारात भाषणे कमी ठेवली. मागच्या खोलीत दोन साड्यांचा पडदा बांधला आणि ओळखीच्या एका निवृत्त सिस्टरबाईंना बसवले. बाहेर पुरुषांनी चहाचे पाहिले. माझे मिस्टर नावे लिहून घेत होते आणि लाजेने मान वर करत नव्हते. चौतीस बाया आत गेल्या. सहा बाया दारापर्यंत येऊन परत फिरल्या. त्यांतल्या दोघींना मी संध्याकाळी घरून बोलावून आणले. दोघीजणींना पुढच्या तपासणीला परळला पाठवले. दोघींच्याही गाठी साध्या निघाल्या.

त्यांतली एक मावशींची सून होती. निकालाचा कागद घेऊन ती विहारात आली तेव्हा मी पावतीपुस्तक लिहीत बसले होते. तिने कागद दाखवला, मग पर्समधून वीसची नोट काढून टेबलावर ठेवली.

“आईच्या नावानं फाडा,” म्हणाली.